कारागृह सुधारणा आणि बंद्यांचे पुनर्वसन : स्वतंत्रपूर ते मोर्शी

प्रस्तावना

गुन्हेगाराला शिक्षा का द्यावयाची, या प्रश्नाला दंडशास्त्राने प्रामुख्याने तीन उत्तरे दिली आहेत. केलेल्या अपराधाची परतफेड व्हावी, इतरांना जरब बसावी आणि अपराधी व्यक्ती सुधारून समाजात परत यावी. यांपैकी तिसऱ्या उद्दिष्टाला आज भारतात तत्त्वतः सर्वमान्यता आहे. शासनाच्या खात्याच्या नावातही ‘कारागृह व सुधारसेवा’ असा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. तथापि तत्त्वाची मान्यता आणि व्यवहारातील पोच यांत मोठे अंतर आहे. महाराष्ट्रातील खुल्या कारागृहांच्या आधारे हे अंतर नेमके कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वरूड तालुक्याला लागून असलेल्या मोर्शी येथेच खुले कारागृह असल्याने हा विषय वऱ्हाडातील अभ्यासकांना दूरचा नाही.

सुधारणावादी विचाराची वाटचाल

ब्रिटिश राजवटीत कारागृहांचा कारभार १८९४ च्या कारागृह अधिनियमाने बांधला गेला. या कायद्याचा सारा भर सुरक्षितता, शिस्त आणि शिस्तभंगाची शिक्षा यांवर होता. कैद्याचे पुढे काय होणार, हा प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हता. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने कैद्याची सुधारणा हे कारागृहाचे उद्दिष्ट म्हणून प्रथमच स्पष्टपणे मांडले. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या समितीने (१९८०-८३) या प्रश्नाचा सर्वांगीण आढावा घेतला.

सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद गियासुद्दीन प्रकरणात (१९७७) शिक्षेच्या सुधारणात्मक हेतूवर भर दिला. सुनील बत्रा प्रकरणांत (१९७८ व १९७९) कारागृहाच्या दारात मूलभूत हक्क संपत नाहीत, हे तत्त्व प्रस्थापित केले. कारागृह हा विषय राज्यसूचीत असल्यामुळे केंद्र सरकारने २०२३ मध्ये आदर्श कारागृह व सुधारसेवा अधिनियम तयार करून तो मार्गदर्शनासाठी राज्यांकडे पाठविला. शंभरांहून अधिक वर्षांच्या या वाटचालीत विचाराची उणीव कधीच नव्हती.

स्वतंत्रपूरचा प्रयोग

समित्यांच्या अहवालांपेक्षा अधिक बोलका पुरावा महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने आणि पोलंडमध्ये जन्मलेले अभियंता मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. आज हा भाग सांगली जिल्ह्यात येतो. तेथे भिंती नव्हत्या. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी कुटुंबासह राहत आणि माणदेशाच्या कोरडवाहू जमिनीवर शेती करीत. याच प्रयोगावरून प्रेरणा घेऊन ग. दि. माडगूळकर यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. त्याला १९५८ मध्ये बर्लिन महोत्सवात पारितोषिक मिळाले.

चित्रपटामुळे या प्रयोगाकडे एका ध्येयवादी अधिकाऱ्याची कहाणी म्हणून पाहण्याची सवय लागली. वस्तुतः त्यातील यंत्रणा समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे. बंद कारागृहात कैद्याचा प्रत्येक निर्णय दुसरा कोणी तरी घेतो. केव्हा उठावे, काय खावे, कोणते काम करावे, हे सर्व ठरलेले असते. अनेक वर्षांच्या अशा जीवनानंतर स्वतःची जबाबदारी उचलण्याची सवयच मोडते. खुल्या कारागृहात मात्र पळून जाण्याची शक्यता रोज समोर असते आणि न पळण्याचा निर्णय रोज घ्यावा लागतो. सुधारणा घडते ती या रोजच्या निर्णयातून. कुटुंबाचा सहवास आणि बाहेरच्या जगात उपयोगी पडणारे काम यांची त्याला जोड मिळाली, तर सुटकेचा दिवस हा अज्ञातात टाकलेले पाऊल ठरत नाही. राजस्थानातील सांगानेर येथे १९६३ पासून चालणारे खुले शिबिर याच पायावर उभे आहे. तेथे बंदी कुटुंबासह राहतात आणि बाहेर जाऊन स्वतःची उपजीविका कमावतात.

मोर्शी आणि निवडीची मर्यादा

महाराष्ट्रात येरवडा, पैठण, मोर्शी इत्यादी ठिकाणी खुली कारागृहे आहेत. मोर्शी-वरूडचा पट्टा संत्र्यासाठी प्रसिद्ध आहे. शेतमजुरी हाच ज्याचा पूर्वीचा व्यवसाय होता अशा वऱ्हाडी बंद्याला शेतीचे काम परके वाटत नाही.

परंतु येथे पोहोचतो कोण? ज्याची शिक्षा न्यायालयाने निश्चित केली आहे, ज्याने तिचा ठरावीक भाग बंद कारागृहात भोगला आहे आणि ज्याची वर्तणूक चांगली नोंदली गेली आहे, असा सिद्धदोष बंदीच खुल्या कारागृहासाठी निवडला जातो. माफी, संचित रजा, कामाचे वेतन या सुधारणेच्या साधनांचा मार्गही मुख्यतः दोषसिद्धीनंतर सुरू होतो. महाराष्ट्राचे नव्हे, तर साऱ्या देशाचे दुखणे येथे आहे.

न्यायाधीन बंदी : सुधारणेच्या कक्षेबाहेरचा बहुसंख्य वर्ग

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, न्यायाधीन बंदी होते. कारागृहांची एकूण क्षमता ४,३६,२६६ होती. म्हणजे केवळ न्यायाधीन बंद्यांनीच देशातील जवळजवळ सर्व जागा भरून जाते. ज्यांना बोलीभाषेत ‘कच्चे कैदी’ म्हणतात, त्यांचा दोष सिद्ध झालेला नसतो. त्यामुळे त्यांना श्रमाची सक्ती करता येत नाही आणि त्यांच्या सुधारणेचा कार्यक्रमही आखला जात नाही. रिकामेपण, गर्दी आणि सराईतांचा सहवास एवढेच त्यांच्या वाट्याला येते.

वरूडच्या एखाद्या मजुराला न्यायालयीन कोठडी मिळून तो सुमारे ९० किलोमीटरवरील अमरावती मध्यवर्ती कारागृहात गेला, तर भेटीसाठी येणाऱ्या नातेवाइकांचा दिवसाचा रोजगार बुडतो. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार मिळेलच असे नाही. जातीची झळही याच टप्प्यावर बसते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला, तरी वऱ्हाडातील पारधी समाजाभोवतीचा संशय मावळलेला नाही. कारागृहातील कामांची जातीनुसार वाटणी आणि विमुक्त जमातींना जन्मतः सराईत मानणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात घटनाबाह्य ठरविले.

कायद्याने काही मार्ग खुले केले आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, मृत्युदंड किंवा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात प्रथमच सापडलेल्या बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यास त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. मात्र त्याच्यावर एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असल्यास हा लाभ मिळत नाही. तसा अर्ज न्यायालयाकडे करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर टाकलेली आहे. किरकोळ गुन्ह्यांसाठी भारतीय न्याय संहितेने समाजसेवेची शिक्षा आणली आहे आणि १९५८ चा परिवीक्षा कायदा तर जुनाच आहे.

पीडिताचा प्रश्न

सुधारणेचा आग्रह म्हणजे पीडितावर अन्याय, असा आक्षेप घेतला जातो. तो गंभीर आहे आणि भावनेच्या भरात बाजूला सारण्यासारखा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरातमधील बंद्यांच्या वेतनासंबंधीच्या निर्णयात याचे एक उत्तर सुचविले आहे. बंद्याला न्याय्य वेतन मिळावे आणि त्यातील काही भाग पीडिताच्या नुकसानभरपाईसाठी राखून ठेवावा. बंदी निव्वळ कोंडून ठेवल्याने पीडिताच्या हाती काहीच पडत नाही. त्याच्या श्रमातून मात्र भरपाई शक्य होते.

समारोप

स्वतंत्रपूरने सिद्ध केले की विश्वास टाकल्यास गंभीर गुन्ह्यातील माणूसही सावरू शकतो. मोर्शीसारख्या संस्थांनी तो विचार वऱ्हाडच्या मातीत आणला. परंतु सुधारणेचे दार शिक्षेच्या उत्तरार्धात आणि मोजक्यांसाठीच उघडणार असेल, तर चारपैकी तीन बंदी त्याच्या बाहेरच राहतील. म्हणून सुधारणेचा प्रारंभ कोठडीच्या पहिल्या आठवड्यापासून व्हावयास हवा. विधी सेवा प्राधिकरणाचे सहाय्य, जामीनदाराअभावी अडकलेल्यांची नियमित यादी, स्वेच्छेने करता येईल असे काम आणि शिक्षण ही त्याची प्राथमिक अंगे होत. राज्यातील काही मध्यवर्ती कारागृहांत मुक्त विद्यापीठांची अभ्यासकेंद्रे चालतात. जिल्ह्यातील महाविद्यालयांना विधी साक्षरता, साक्षरता वर्ग आणि सुटून आलेल्यांचा पाठपुरावा या क्षेत्रांत राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत हातभार लावता येईल. सुटून आलेला माणूस अखेर गावातच परततो. तो कसा परतावा, याची काळजी गावाने आणि गावातील महाविद्यालयाने तो आत असतानाच वाहणे अधिक शहाणपणाचे आहे.