उंबऱ्यावरचं नाक

गोंदियात राइस मिलचं बॉयलर पेटलं की उकडलेल्या धानाचा आंबूस वास गल्लीबोळांत शिरतो. माणसं त्याला इतकी सरावलेली असतात की थोड्या वेळात तो त्यांना जाणवेनासाही होतो. सकाळी मालकाबरोबर बाहेर पडलेल्या कुत्र्याचं तसं होत नाही. धानाच्या वासाखाली दडलेले बाकीचे वास त्याला सुटे सुटे कळतात. खांबाच्या बुडाशी रात्री कोण मुतून गेलं, नर होता की मादी, मादी असेल तर माजावर होती का, हे सगळं तो ताडतो. म्हणून तो खांबापाशी रेंगाळतो. मालकाला कामावर जायचं असतं. साखळीला हिसका बसतो, ‘चल ना रे’ होतं, आणि पारावरच्या गप्पांतून मधेच उठवून न्यावं तसा कुत्रा मागे बघत ओढला जातो.

तोच कुत्रा संध्याकाळी घरी आलेल्या पाहुण्याच्या मांडीशी, जांघेशी नाक नेतो. पाहुणा दचकून मागे सरतो, घरची मंडळी ओशाळतात, कुत्र्याच्या पाठीत धपाटा बसतो. सकाळचा हिसका आणि संध्याकाळचा धपाटा यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. हुंगणं ही वाईट खोड आहे, असं माणूस धरून चालतो. कुत्र्याच्या लेखी मात्र ती ओळख करून घेण्याची रीत असते.

हुंगणं म्हणजे नुसता श्वास घेणं नव्हे. हुंगताना कुत्रा सेकंदाला चार-पाच वेळा बारीक झटके देत हवा आत ओढतो. आत गेलेल्या हवेला दोन वाटा फुटतात. बरीचशी हवा फुप्फुसांकडे जाते आणि थोडी नाकाच्या मागच्या, घड्याघड्यांच्या कप्प्यात शिरते. वास टिपणाऱ्या पेशी तिथे असतात. माणसाकडे अशा पेशी साधारण ५० ते ६० लाख, तर कुत्र्याकडे जातीनुसार १२ कोटींपासून ३० कोटींपर्यंत असतात. बाहेर सोडलेला श्वास नाकपुड्यांच्या कडेच्या चिरांमधून मागे फेकला जातो. त्यामुळे पुढ्यातला वास विस्कटत नाही, उलट ताजी हवा आत यायला मदत होते. ओल्या नाकावर गंधाचे कण चिकटतात. शिवाय वरच्या पुढच्या दातांच्या मागे, टाळूत, जेकबसनचं इंद्रिय नावाची एक वेगळीच सोय आहे. दुसऱ्या प्राण्यांच्या अंगचे, विशेषतः माजाशी संबंधित रासायनिक संदेश ती टिपते.

जांघेचं कोडं इथेच सुटतं. माणसाच्या काखेत आणि जांघेत घामाच्या एका खास प्रकारच्या ग्रंथी दाट असतात आणि प्रत्येकाचा वेगळा वास तिथे तीव्र असतो. काख उंचावर असते, जांघ कुत्र्याच्या नाकासमोर येते. पाळी सुरू असलेल्या किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या अंगाचा वास बदललेला असतो, म्हणून तिच्याकडे कुत्रा जास्त ओढला जातो. दोन कुत्रे भेटले की ते एकमेकांच्या शेपटीखाली हुंगतात, त्यामागचं कारणही असंच आहे. तिथल्या ग्रंथींच्या स्रावात प्रत्येकाची ओळख असते. सभ्य कुत्रे समोरासमोर चालून येत नाहीत. थोडं वळण घेऊन, बाजूनं जवळ येतात, दोन-तीन सेकंद हुंगतात आणि बाजूला होतात. त्यांच्या समाजातला नमस्कार तो हाच.

गोंदिया जिल्ह्यात वासाच्या या भाषेचं रानातलं रूप पाहायला फार लांब जावं लागत नाही. निसर्गलेखक मारुती चितमपल्ली ज्या नवेगावबांधला वर्षानुवर्षं राहिले, तिथलं जंगल आणि नागझिरा अभयारण्य मिळून २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. नागझिऱ्याची ख्याती रानकुत्र्यांसाठीही आहे. हा प्राणी घरच्या कुत्र्याचा पूर्वज नाही. पाळीव कुत्र्याचा वंश लांडग्याकडे जातो, रानकुत्र्याची जातकुळी वेगळी. पण नाकावर भिस्त दोघांचीही. रानकुत्र्यांचा कळप ठरावीक जागी विष्ठा टाकतो, आणि या जागा बहुधा जंगलवाटा एकमेकींना मिळतात तिथे असतात. येणारा-जाणारा तिथे हुंगल्याशिवाय पुढे जात नाही.

रानाला लागून असलेल्या गावांनी या हुंगण्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. कुत्र्यांना होणाऱ्या पार्व्हो रोगाचा विषाणू विष्ठेतून पसरतो आणि मातीत कित्येक महिने तग धरतो. डिस्टेंपर हा दुसरा रोग गावकुत्र्यांकडून रानातल्या मांसभक्षकांपर्यंत पोचू शकतो. २०१८ मध्ये गीरमध्ये २३ सिंह दगावले, तेव्हा डिस्टेंपरच्या विषाणूचं नाव पुढे आलं होतं. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झाल्यापासून वेळच्या वेळी लस टोचली तर त्याच्या नाकाला मोकळीक देता येते आणि शेजारचं रानही सुरक्षित राहतं. कुत्र्याला जंगलात मोकाट सोडणं मात्र लस टोचली तरी चुकीचंच.

माणसानं कुत्र्याच्या नाकाला कामाला लावलं, तिथे एक गोष्ट फार शिकण्यासारखी आहे. मुंबई पोलिसांचा झंजीर हा लॅब्रॅडोर १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात घराघरांत माहीत झाला. त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिल्याची नोंद आहे. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानानं निरोप दिला. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला वास लागला की त्यानं भुंकायचं नसतं, पंजाही मारायचा नसतो. गप्प बसून राहायचं असतं. नाक पूर्ण ताकदीनं चालतं आणि अंग शांत राहतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठला?

नाकाचं म्हणणं समजून घेताना माणूस चुकतो, हे कोर्टानंही ओळखलं आहे. महाराष्ट्रातल्या एका जुन्या खटल्यात, कुत्र्यानं काढलेल्या मागाच्या पुराव्याला सहसा फारसं वजन देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं. कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही. ‘हा वास इथपर्यंत आला आहे’ एवढंच तो सांगतो. ‘हाच चोर’ हे वाक्य माणसानं त्यात घातलेलं असतं. उंबऱ्यावर तेच घडतं. कुत्रा ‘तू कोण?’ असं विचारत असतो आणि पाहुण्याला वाटतं, आता हा चावणार.

पाहुण्याची भीतीही खोटी नसते. लहानपणी कुत्रा मागे लागलेला माणूस ती आठवण अंगात घेऊन फिरतो. इटलीतल्या नेपल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये असं दाखवलं की, घाबरलेल्या माणसाच्या घामाचा वास दिला तेव्हा कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं वाढली आणि ते आपल्या मालकाकडे जास्त वळले. पाहुणा घाबरला की कुत्रा अस्वस्थ होतो आणि कुत्र्याला अस्वस्थ पाहून पाहुणा आणखी आक्रसतो. हे चक्र तोडायची जबाबदारी घरच्या माणसांची. ‘काही करत नाही हो तो’ असं दारातून ओरडून सांगितल्यानं ते तुटत नाही.

कुत्र्याला शिकवण्याची सुरुवात घरात पाहुणे नसताना करावी. तळहात कुत्र्याच्या नाकासमोर वीतभर अंतरावर धरायचा. त्यानं नाक टेकवलं की लगेच ‘शाब्बास’ म्हणून उकडलेल्या अंड्याचा किंवा कोंबडीचा चिमूटभर तुकडा द्यायचा. दिवसातून दोन-तीनदा, दोन-दोन मिनिटं पुरे. काही दिवसांत हात दिसला की नाक हाताकडे येतं. मग पाहुण्यानं मांडीच्या बाजूला, खालच्या अंगानं सैल मूठ धरली की कुत्रा ओळखीसाठी तिथे जातो आणि जांघेचा विषय उरत नाही. मूठ तोंडावर आणायची नाही. वास हवेतूनही पोचतो. कुत्र्याला यायचं असेल तर तो येईल.

दुसरा धडा बसण्याचा. दारावर टकटक झाली की बसायचं आणि बसलं की खाऊ, एवढं साधं. सुरुवातीला घरच्याच कुणी बाहेर जाऊन दार वाजवावं. खरे पाहुणे येतील तेव्हा पट्टा हातात असावा. पाहुणा आत येताना जमिनीवर चार-सहा तुकडे विखरून टाकले की कुत्र्याचं नाक खाली जातं, उड्या थांबतात आणि तेवढ्यात पाहुणा खुर्चीत बसलेला असतो. त्यानंतर ओळख, तीही पाहुण्याची इच्छा असेल तरच. पाहुणा नको म्हणाला तर कुत्र्याला आतल्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवावं. यात कुणाचाच अपमान नाही.

छातीवर गुडघा मारणं, नाकावर चापट देणं या जुन्या युक्त्या सोडून द्यायला हव्यात. मार खाल्लेला कुत्रा हुंगायचं सोडत नाही, पाहुणा आला की मार बसतो एवढंच शिकतो. गुरगुरण्यावर रागावणं त्याहून घातक. गुरगुरणं ही पूर्वसूचना आहे. ती दडपली तर पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतात.

फिरायला नेताना निम्मा वेळ तरी नाकाचा असावा. अलेक्झांड्रा होरोविट्झ आणि शार्लोट ड्युरँटन यांच्या २०१९ च्या अभ्यासात, वास शोधण्याचे खेळ खेळलेले कुत्रे अनिश्चित प्रसंगाकडे जास्त आशेनं पाहताना आढळले. मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा सराव केलेल्या कुत्र्यांत हा फरक दिसला नाही. सकाळी मनसोक्त हुंगलेला कुत्रा संध्याकाळी पाहुण्यावर तुटून पडत नाही, हा अनेक पाळणाऱ्यांचा अनुभव या निष्कर्षाशी जुळतो.

गल्लीतल्या कुत्र्यांचं काय? कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी भारतातल्या मोकाट कुत्र्यांचा अभ्यास करतात. अनोळखी माणसानं वारंवार खाऊ देण्यापेक्षा वारंवार कुरवाळलं तर या कुत्र्यांचा विश्वास अधिक बसतो, असं त्यांना आढळलं. याचा अर्थ दिसेल त्या कुत्र्याला हात लावावा असा मुळीच नाही. मुलांना तर उलटंच शिकवावं: कुत्रा जवळ आला तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही. झाडासारखं स्थिर उभं राहायचं, हात अंगाशी धरायचे आणि त्याला हुंगून जाऊ द्यायचं. दात किंवा नख लागलंच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून रेबीजची लस घ्यायची.

दिवाळी सरली की गोंदियासह साऱ्या झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस येतात. गावोगाव दंडार, नाटकं, दुकानं, आणि घरोघरी लेकी-जावई, मामा-मावश्यांची वर्दळ. घरच्या कुत्र्याची खरी परीक्षा तेव्हा असते. अंगणात पाहुणा उतरतो. त्याच्या चपलेला दुसऱ्या गावची माती लागलेली असते, धोतराला त्याच्या घरच्या शेळीचा वास असतो, पिशवीत चिवडा असतो. दार वाजतं, कुत्रा बसतो, शेपूट जमिनीवर आपटत राहते. यजमान म्हणतात, ‘मामा, मूठ जरा खाली धरा.’ मामा बिचकत मूठ खाली नेतात. ओलं नाक बोटांवरून फिरतं, मनगटाशी क्षणभर थांबतं, शेळीच्या वासापाशी जरा जास्त वेळ अडकतं, मग कुत्रा वळून पिशवीकडे जातो. पिशवी तेवढी उंच खुंटीला टांगावी.