सुटी नळी : खर्च कमी होतो की जागा बदलतो?

आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून दोघा-तिघांनी आम्हाला बाहेरच विचारले, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचे मशीनगनशी काय काम? प्रश्न रास्त आहे. आम्ही काही शस्त्रतज्ज्ञ नाही. पण अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि पूर्ण वस्तू, यांचा संबंध काय, हा न्याय-वैशेषिकांचा आणि बौद्धांचा शेकडो वर्षांचा वाद आम्ही वर्गात शिकवत आलो. त्या वादाला इंजिनिअरांनी कारखान्यात काय उत्तर दिले हे पाहायला बंदुकीच्या नळीइतके चांगले उदाहरण आम्हाला सापडलेले नाही. म्हणून हा उद्योग.

आधी ओळखीची वस्तू घेऊ. नांगर. लाकडी नांगराचा लोखंडी फाळ जमिनीत घासून झिजतो. म्हणून कोणी नवा नांगर करत नाही, फाळ लोहाराकडे जातो किंवा नवा बसतो. बैलगाडीच्या चाकाचेही तसेच. चाक सुताराचे, त्यावर चढवलेली धाव लोहाराची. रस्त्याशी गाठ धावेची, म्हणून झिजायचे ते तिने. ज्याने हे पहिल्यांदा केले त्याने एक निर्णय घेतला : यंत्रातला कोणता भाग झिजू द्यायचा आणि कोणता जपायचा. बंदुकीची नळी सुटी करणाऱ्यांनी हाच निर्णय घेतला, फक्त तो फार तापलेल्या जागी घेतला.

किती तापलेल्या? काडतुसातल्या दारूची जी ऊर्जा असते तिच्यातला साधारण तिसरा हिस्सा गोळीला मिळतो. बाकीची गरम वायूबरोबर तोंडातून बाहेर जाते आणि बराच भाग नळी पिऊन घेते. एकेक गोळी झाडणाऱ्या रायफलीला हे जाणवत नाही, दोन गोळ्यांच्या मध्ये नळीला श्वास मिळतो. मशीनगन मिनिटाला पाचशे-सहाशे गोळ्या झाडते. नळीच्या आतला, काडतुसाच्या लगेच पुढचा भाग सर्वांत आधी खरवडला जातो, मग गोळी नळीत नीट बसत नाही, नेम सुटतो. आणखी तापली तर आत ठेवलेले काडतूस घोडा न दाबताच उडू शकते. म्हणजे प्रश्न नुसत्या झिजेचा नाही, बंदूक धरणाऱ्याच्या जिवाचाही आहे.

यावर पहिला उपाय पाण्याचा. हायरम मॅक्सिमने १८८४च्या सुमारास आपली स्वयंचलित तोफ बनवली, तिच्या नळीभोवती पाण्याचे नळकांडे होते. तिच्याच वंशातल्या ब्रिटिश व्हिकर्समध्ये सुमारे चार लिटर पाणी मावे. पाणी उकळते, वाफ होते, नळी वाचते. उपाय उत्तम, पण पाणी, तिवई, काडतुसांच्या पेट्या असा सगळा संसार अनेक माणसांनी वाहायचा. दुसरा उपाय जाड नळीचा : लोखंड जास्त, तापायला वेळ जास्त. तोही वजनातच जातो. तिसरा उपाय म्हणजे नळी तापली की काढायची आणि गार नळी बसवायची. एक वापरात, एक गार होत. घरी दोन तवे असले की पोळ्या थांबत नाहीत, तसे.

हा तिसरा उपाय ज्यांनी नीट बसवला त्यांत झेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहराचा वाटा मोठा. तिथे व्हाक्लाव होलेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२०च्या दशकात झेडबी २६ ही हलकी मशीनगन केली. ब्रिटिशांनी तिच्यावरून आपल्या काडतुसासाठी जी बंदूक घेतली तिचे नाव ब्रेन. ब्रनोचा 'ब्र' आणि एन्फील्डचा 'एन'. १९३७पासून ती एन्फील्डला बनू लागली, १९४२पासून आपल्याकडे बंगालमधल्या इशापूरलाही. वजन दहा किलोच्या आसपास. एक खटका उचलून फिरवला की नळी सुटते, आणि नळीलाच लाकडी मूठ असल्याने हात भाजत नाही. ही मूठ लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचे आहे.

ब्रेनजवळ माणसे दोन. पहिला झाडणारा, दुसऱ्याला नुसते 'नंबर दोन' म्हणत. काडतुसे पुरवणे आणि नळी बदलणे हे त्याचे काम. एका सांध्यामुळे पलटणीत एक माणूस, त्याचे नाव आणि त्याचे प्रशिक्षण तयार झाले. आम्हाला ही गोष्ट फार बोलकी वाटते. यंत्रात तुम्ही जोड ठेवला की त्या जोडापाशी कोणीतरी माणूस उभा करावा लागतो, आणि खर्चाच्या कागदावर तो सहसा दिसत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. नळी सुटी करायची म्हटले की लगेच पुढचा प्रश्न : नळी म्हणजे नेमके कुठपर्यंत? प्लेटोच्या 'फेड्रस'मध्ये सॉक्रेटिस म्हणतो की विषयाची विभागणी नैसर्गिक सांध्यावर करावी, अडाणी खाटकासारखी हाडे मोडू नयेत. कल्पनांबद्दल तो बोलत होता. पण बंदुकीला नैसर्गिक सांधा नसतो, बरं का. तो डिझाइन करणाऱ्याला ठरवावा लागतो.

जर्मनांची एमजी ४२ घ्या. तिच्या आधीची एमजी ३४ अतिशय देखणी, पण घन पोलादातून कोरून काढलेली, म्हणून महाग आणि वेळखाऊ. स्वस्त पर्याय काढण्याचे काम ज्यांच्याकडे आले त्यांत सॅक्सनीतल्या डोबेल्न गावची ग्रोसफुस कंपनी होती. तिचा धंदा पत्र्याच्या कंदिलांसारख्या वस्तूंचा. तिथला इंजिनिअर वेर्नर ग्रूनर बंदुकीतला माणूस नव्हता, पत्रा ठोकून हजारो सारख्या वस्तू कशा काढायच्या यातला होता. (पुढे हा गृहस्थ ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठाचा रेक्टर झाला. असो.) एमजी ३४ची किंमत ३२७ राइखमार्क आणि एमजी ४२ची २५० असे आकडे दिले जातात. पण आम्हाला रस आहे तो तिच्या नळीत. पुढचे नेमाचे टोक आणि दोन पायांचा आधार हे नळीवर नाहीत, बाहेरच्या पत्र्याच्या आवरणावर आहेत. ती धक्क्याच्या जोरावर चालते, त्यामुळे नळीला वायूचे भोक नाही की वायूची नळकांडी नाही. उरली ती जवळजवळ नुसती नळी, मागच्या टोकाला कुलूप अडकण्याचा तुकडा तेवढा. बाजूचे दार उघडले की बाहेर पडते. मिनिटाला बाराशे गोळ्यांचा वेग, म्हणून दोन-अडीचशे सलग गोळ्यांनंतर नळी बदलावी लागे, आणि शिकलेला सैनिक ते पाच-सात सेकंदांत करी, हातात ॲस्बेस्टॉसचा जाड मोजा घेऊन. मूठ नाही ना! मुठीचे पैसे वाचले, मोजा आला.

ब्रेनचा सांधा वेगळ्या जागी आहे. तिच्या नळीबरोबर मूठ, पुढचा नेम आणि वायूचे नियंत्रक एवढे सगळे निघते. प्रत्येक सुटी नळी महाग झाली. पण नेम नळीसोबत असल्याने प्रत्येक नळी आपापला नेम घेऊन येते. पाय मात्र मागच्या अंगाशीच राहतात, म्हणजे नळी काढली तरी बंदूक जमिनीवर उभी. दोन देशांनी दोन ठिकाणी कापले, आणि दोघांनी विचार करून कापले.

विचार न करता कापले की काय होते ते अमेरिकेच्या एम ६०ने दाखवले. १९५७मध्ये ती त्यांच्या सैन्यात आली, व्हिएतनाममध्ये सर्वत्र होती. तिच्या नळीला दोन पायांचा आधारही जोडलेला आणि वायूचे नळकांडेही. म्हणजे सुटी नळी घ्यायची तर पायांचा आणखी एक जोड आणि आणखी एक नळकांडे पाठीवर. पैसे दुप्पट, वजन दुप्पट. आणि उचलायची मूठ कुठे? ती बंदुकीच्या अंगावर, नळीवर नाही. नळी काढताना पाय गेले, म्हणजे एकाने तापलेली नळी मोज्याने धरायची आणि दुसऱ्याने बिनपायांची बंदूक हातात तोलायची, तेही समोरून गोळ्या येत असताना. मोजा हरवला की झालं. पुढच्या सुधारित आवृत्तीत पाय मागच्या अंगाशी गेले आणि मूठ नळीवर आली. म्हणजे ब्रनोच्या लोकांनी १९२०च्या दशकातच जिथे सांधा ठेवला होता, तिथेच फिरून यावे लागले.

आता यातला जो खर्च सहसा कोणी मोजत नाही त्याबद्दल. सुटा भाग खरोखर सुटा कधी? कोठारातली कोणतीही नळी कोणत्याही बंदुकीत बसली तरच. याला अंतर्बदल म्हणू. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ याने बंदुकीच्या चापाचे असे सारखे सुटे भाग करून दाखवले. थॉमस जेफर्सन तेव्हा पॅरिसमध्ये होता, १७८५मध्ये त्याने ते पाहून मायदेशी कळवले. अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या कारखान्यात जॉन हॉलने १८२०च्या दशकात हे प्रत्यक्षात आणले. शाळेच्या पुस्तकांत श्रेय एली व्हिटनीला मिळते, पण त्याच्या बंदुकांचे भाग खरे अंतर्बदल करण्याजोगे नव्हते हे इतिहासकारांनी केव्हाच दाखवून दिले आहे. महत्त्वाचे हे की अशा बंदुका सुरुवातीला स्वस्त नव्हत्या, महाग होत्या. शेकडो गेज, प्रत्येक भाग मोजायचा, बसत नसेल तो फेकायचा. सरकारने हे पैसे दिले, कारण रणांगणावर कानस घेऊन बसलेला कारागीर त्याहून महाग पडत होता.

ब्राउनिंगच्या जाड गोळीच्या एम २ मशीनगनमध्ये हाच हिशेब उलट बाजूने दिसतो. १९३३पासूनची ही बंदूक, आजही चालू आहे. तिची नळी आट्यांवर फिरवून बसवायची, आणि नळीचे मागचे टोक व काडतूस अडवणारा ठोकळा यांतले अंतर दर वेळी सैनिकाने गेज घालून जुळवायचे. कारखान्याला सोपे झाले : थोडे इकडे-तिकडे चालेल, शेवटची जुळणी सैनिक करील. अंतर चुकले तर काडतूस आत फुटते, बंदूक मोडते, माणूस जखमी होतो. अंधारात, थंडीने बोटे आखडलेली असताना, गेज घालून जुळवा म्हणायचे! २०१०च्या सुमारास आलेल्या एम २ए१मध्ये हे अंतर कारखान्यातच कायमचे ठरवले गेले आणि नळी पटकन बदलता येऊ लागली. तोवर पाऊणशे वर्षे त्या अचूकतेचा खर्च शिपायाच्या बोटांवर टाकलेला होता. आमचे म्हणणे एवढेच आहे, की सुट्या नळीने खर्च नाहीसा होत नाही, तो हलतो. कारखान्याकडून कोठाराकडे, कोठाराकडून नंबर दोनच्या पाठीवर. तो कुठे नेऊन ठेवायचा हे ज्याच्या हाती आहे त्याने ते जाणून ठरवावे, आपोआप ठरू देऊ नये.

नळी मुळीच सुटी नको, असेही कोणी म्हणेल. ब्रिटिशांनी १९८०च्या दशकात एल ८६ ही साथीची बंदूक आणली. नेहमीच्या रायफलीशी तिचे बहुतेक भाग समान, नळी पक्की, काडतुसे तीसच्या मॅगझिनची. कागदावर काटकसर उत्तम. पण सलग मारा तिला झेपेना, आणि २०००नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याच सैन्याला सुट्या नळीची बेल्जियन मिनिमी विकत घ्यावी लागली. रशियनांचे आरपीके मात्र पक्क्या नळीचेच राहिले आणि त्यांना ते चालले, कारण सलग माऱ्यासाठी त्यांनी सुट्या नळीची पीके वेगळी ठेवली होती. पक्की नळी हा दोष नव्हे. एकाच बंदुकीकडून दोन्ही कामे मागणे हा दोष.

न्यायशास्त्राकडे येतो. नैयायिक म्हणतात, वस्त्राचा तुकडा काढला की पूर्वीचे वस्त्र नष्ट होते आणि दुसरे, खंडपट, उत्पन्न होते. भाग बदलला, अवयवी बदलला. नागसेनाने मिलिंद राजाला रथाचा दृष्टांत दिला त्याचा रोख वेगळा : चाक, आस, जू यांच्यापलीकडे 'रथ' नावाचे काही नाहीच, ते केवळ व्यवहाराचे नाव. शस्त्रागारातला कारकून दोघांचेही ऐकत नाही. त्याच्या वहीत बंदुकीचा क्रमांक अंगावर असतो. दहा नळ्या बदलल्या तरी बंदूक तीच. आणि तेच बरोबर, कारण सरकार कोणत्या भागाला 'वस्तू' मानते आणि कोणत्याला 'खपणारा माल', यावर हिशेब, जबाबदारी आणि चोरीचा गुन्हा सगळे उभे असते. व्यवहाराचे नाव म्हणून नागसेन हसला असता, पण कोर्टात तेच चालते.

एक गोष्ट बोललो नाही तर अप्रामाणिक ठरेल. इथवर आम्ही 'खर्च' म्हटले तो झाडणाऱ्या बाजूचा. नळी पाच सेकंदांत बदलते याचा समोरच्या माणसासाठी अर्थ असा, की मारा थांबण्याची जी वाट तो पाहत होता ती थांबण्याची वेळच येत नाही. जवळजवळ पंचवीस टक्के स्वस्त झालेली एमजी ४२ ही नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्यांना स्वस्त पडली नाही. हे त्या इंजिनिअरांना ठाऊक नव्हते असे नाही.

शेवटी एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे : नळी झिजूच नये असे करता येत नाही का? प्रयत्न झाले आहेत. आतून क्रोमियमचा मुलामा देतात. एम ६० आणि एम २ यांच्या नळ्यांत सर्वांत जास्त झिजणाऱ्या पहिल्या काही इंचांत स्टेलाइट या कोबाल्टच्या मिश्रधातूचे अस्तर बसवले. त्याने नळीचे आयुष्य बरेच वाढते. पण अस्तर म्हणजे नळीच्या आत आणखी एक भाग, आणि गरम झालेली नळी तरीही काढावीच लागते.