एका कथाकाराचा ताळेबंद

आपल्या लेखनाचे बलस्थान कोणते, असे कादंबरीकाराला विचारले म्हणजे तो बहुधा विनयाने मौन तरी धरतो, नाहीतर प्रतिभेच्या साक्षात्काराची भाषा बोलू लागतो. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप याने मात्र या प्रश्नाचे उत्तर डाकखात्यातील जबाबदार अंमलदाराला शोभेल अशा चोखपणे लिहून ठेवले, आणि ते त्याच्या निधनानंतर, १८८३ साली, आत्मचरित्राच्या रूपाने जगापुढे आले. पहाटे साडेपाचला मेजाशी बसावे, समोर घड्याळ ठेवावे, दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहावेत, हा त्याचा शिरस्ता; शिवाय प्रत्येक पुस्तकाने किती पौंड दिले याची यादीही त्याने जोडली आहे, आणि तिची बेरीज जवळजवळ ६९ हजारांवर जाते. अनेकांच्या नजरेत हा जमाखर्चच तेवढा भरला, हे दुर्दैव. कारण ग्रंथाचे खरे मोल निराळेच आहे.

हॅरो आणि विंचेस्टरच्या शाळांत दारिद्र्यामुळे एकाकी पडलेला हा मुलगा, कोणी खेळायला घेत नसे म्हणून, मनातल्या मनात एखादी कथा रची आणि ती महिनोन्महिने पुढे चालवी. नायक तो स्वतःच. परंतु राजा वा सरदार होण्याची मुभा त्याने स्वतःला दिली नव्हती, आणि असंभाव्य काही घडू द्यायचे नाही, हा दंडक तो कसोशीने पाळी. ही सवय मनाला घातक खरी, असे तो कबूल करतो. पण तिच्यावाचून आपल्या हातून एकही कादंबरी लिहून झाली असती का, याची त्याला शंका वाटते. कल्पनेतील माणसांच्या सहवासात दीर्घकाळ राहणे हीच आपली शक्ती, हे त्याने पुरते ओळखले होते. ‘द वॉर्डन’ या त्याच्या कादंबरीतील आर्चडीकन (चर्चमधील एक वरिष्ठ धर्माधिकारी) वाचकांना हुबेहूब वाटला; वस्तुतः तो लिहीपर्यंत, ट्रोलपच्या सांगण्याप्रमाणे, एकाही आर्चडीकनशी त्याचे साधे संभाषणही झालेले नव्हते.

कथानकाच्या बाबतीत मात्र तो स्वतःला सूट देत नाही. समकालीन कादंबरीकार विल्की कॉलिन्स बारीकसारीक तपशिलासह रचना आधी बांधून ठेवतो; आपल्याला मात्र लिहायला बसताना शेवट ठाऊकही नसतो, असे तो सरळ सांगतो. ‘द लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट’ (१८६७) ही आपली सर्वोत्तम कादंबरी, हा त्याचा निर्वाळा; आणि लगोलग तिच्या कथानकात खोट असल्याचीही कबुली, कारण वीस पौंडांचा धनादेश आपल्याकडे कसा आला हे क्रॉली या धर्मोपदेशकाला आठवू नये, हे लेखकालाच पटत नाही. एकाच कृतीविषयी हे दोन्ही निर्णय शांतपणे देणे, याला मी टीकाकाराचीही दुर्मिळ योग्यता मानतो.

त्याचा निर्वाळा मला सर्वथैव मान्य आहे. चोरीचा आळ आलेला, कर्जाने गांजलेला, विद्वान आणि हट्टी क्रॉली बिशपच्या बोलावण्यावरून चिखल तुडवीत राजवाड्यासारख्या त्या निवासात येतो. बिशपच्या वतीने त्याची पत्नीच हुकूम सोडू लागते तेव्हा तो बराच वेळ तिची दखलच घेत नाही, आणि अखेर दोनच शब्दांत तिला गप्प करतो, तेव्हा प्रत्यक्ष बिशपही खुर्चीवरून उडतो. हे प्रकरण वाचताना त्या धनादेशाची आठवणही कोणाला होत नाही.