आज्ञावलीचा मुक्त परवाना : अर्थ आणि उपयोग

नांगर विकत घेताना त्याचा फाळ गावच्या लोहाराकडे शेवटून मिळेल की नाही, हे शेतकरी प्रथम पाहतो. खताची मात्रा काढणे, पाणलोटाचा नकाशा तयार करणे, पावसाची नोंद ठेवणे इत्यादी कामांसाठी आता संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, सर्रास वापरण्यात येते. ती घेताना मात्र हा साधा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो विचारणे किती अगत्याचे आहे, हे पुढील अनुभवावरून ध्यानात येईल.

काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यक्षेत्रात खताचा हिशेब करणारी एक आज्ञावली वापरात होती. बागायती गव्हास हेक्टरी १२० किलो नत्र द्यावयाचे असून ते सर्व युरियातून द्यावयाचे झाल्यास, युरियात ४६ टक्के नत्र असल्यामुळे, हेक्टरी सुमारे २६१ किलो युरिया लागतो. एकराचा हिशेब केल्यास हा आकडा सुमारे १०६ किलो येतो. परंतु सदर आज्ञावली एकराच्या रकान्यातही २६१ हाच आकडा दाखवी. एवढे नत्र दिल्यास पीक माजते, लोळते आणि पैसाही वाया जातो. एका ग्रामसेवकाने ही चूक वेळीच ओळखली, म्हणून नुकसान टळले.

दुरुस्ती एका ओळीची होती. पण ती करता आली नाही. आज्ञावलीची मूळ संहिता, म्हणजे माणसाला वाचता येईल असा तिचा लेखी मजकूर, आमच्याजवळ नव्हता. त्यात बदल करण्याची परवानगीही नव्हती आणि ती तयार करणारी संस्था बंद पडली होती. तो सबंध हंगाम आम्ही हिशेब कागदावर केले.

परवाना कशासाठी?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आज्ञावलीची गणना साहित्यकृतीत होते. म्हणून ती लिहिली जाताच तिजवर कर्त्याचा हक्क आपोआप निर्माण होतो. आज्ञावली सर्वांना पाहता येईल अशी ठेवली, एवढ्यावरून तिच्या प्रती वाटण्याची किंवा तीत बदल करण्याची मुभा मिळत नाही. ती मुभा लेखी द्यावी लागते. असा लेख म्हणजेच परवाना होय.

मुक्त परवान्याने चार गोष्टींची मोकळीक मिळते : आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरणे, मूळ संहिता अभ्यासून तीत आपल्या गरजेप्रमाणे बदल करणे, तिच्या प्रती इतरांस देणे, आणि सुधारलेली प्रतही इतरांस देणे. येथे मुक्त आणि फुकट हे दोन शब्द वेगळे समजावेत. मुक्त आज्ञावलीची प्रत किंमत घेऊन विकता येते. मात्र घेणाऱ्याची मोकळीक काढून घेता येत नाही.

परवान्याचे दोन प्रकार

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू हा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ साली जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल, हा परवाना प्रसिद्ध केला. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ मध्ये व तिसरी २००७ मध्ये निघाली. जो कोणी बदललेली प्रत दुसऱ्यास देईल, त्याने मूळ संहिता व हीच मोकळीक पुढील माणसास दिली पाहिजे, अशी या परवान्याची अट आहे. पूर्वी गावात उसने बियाणे सवाईने वा दिढीने परत करावे लागे. येथे तशी वाढ द्यावी लागत नाही. घेतलेली मोकळीक पुढे चालू ठेवावी, एवढेच बंधन आहे. शिवाय बियाणे दिल्याने देणाऱ्याची कणगी रिती होते. आज्ञावलीची प्रत दिल्याने देणाऱ्याचे काहीच उणे होत नाही.

एमआयटी, अपाची इत्यादी परवाने दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांत मूळ कर्त्याचा उल्लेख व परवान्याचा मजकूर कायम ठेवावा लागतो. मात्र सुधारलेली संहिता उघड करण्याचे बंधन नसते.

लिनक्स हा संगणकप्रणालीचा गाभा १९९२ पासून जीपीएलखाली असून अँड्रॉइड मोबाइल त्यावरच चालतात. नकाशे काढण्याची क्यूजीआयएस ही आज्ञावलीही याच परवान्याखाली असून पाणलोटाच्या नकाशासाठी ती विनामूल्य वापरता येते. शासकीय कामात मुक्त आज्ञावलीस प्राधान्य द्यावे, असे धोरण भारत सरकारने २०१५ मध्ये जाहीर केले.

घ्यावयाची काळजी

आपण स्वतः एखादी उपयुक्त आज्ञावली तयार केली असल्यास ती मुक्त करण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. हक्क कोणाचा, हे प्रथम ठरवावे. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा हक्क, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणाराकडे जातो. शासकीय कृतीचा हक्क शासनाकडे असतो. म्हणून कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांची लेखी संमती घ्यावी.

२. परवान्याचे शब्द मनाने जुळवू नयेत. प्रचलित परवान्याचा संपूर्ण मजकूर संहितेसोबत जोडावा व त्यावर हक्कदाराचे नाव आणि साल घालावे.

३. दुसऱ्याची संहिता आपल्या आज्ञावलीत घेतली असल्यास तिच्या परवान्याच्या अटी तपासून पाहाव्यात.

४. शेतकऱ्यांची नावे, गट क्रमांक, दूरध्वनी इत्यादी माहिती संहितेसोबत देऊ नये. परवाना आज्ञावलीचा असतो. लोकांच्या खाजगी माहितीचा नव्हे.

५. आकडे कोणत्या शिफारशीवरून व कोणत्या मापात घेतले, ते स्पष्ट लिहावे.

मुक्त परवाना म्हणजे आज्ञावली निर्दोष असल्याची हमी नव्हे. किंबहुना बहुतेक परवान्यांत तशी हमी स्पष्टपणे नाकारलेली असते. तेव्हा खताचा आकडा, तो कोठूनही आलेला असो, एकदा कागदावर पडताळून पाहावाच. फरक इतकाच की, चूक सापडल्यास ती दुरुस्त करून शेजारच्या गावास देण्याचा अधिकार आपल्या हाती राहतो. यापुढे कोणतीही आज्ञावली स्वीकारताना ग्रामसेवकांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : हिची मूळ संहिता मिळते काय, आणि हिचा परवाना कोणता?