बुऱ्हाणपूरच्या पोटातले पाणी

गावाखालच्या भुयाराची आपल्याकडे एक ठरलेली गोष्ट असते : राणी निसटली, खजिना पुरला, वाट थेट किल्ल्यात निघते. मी गेली काही वर्षे जुन्या पाणीयोजनांच्या मागे हिंडतो आहे. मी उतरलो त्या भुयारांतून माणसे नव्हे, पाणी पळत होते. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा त्यांतला सर्वांत देखणा.

तापी उशाशी असताना जमीन कशाला पोखरायची? बुऱ्हाणपूर हा मोगलांचा दख्खनचा तळ. शत्रूने नदीत विष कालवले तर छावणीच गारद, ही धास्ती होती असे सांगतात. मला दुसरे कारणही तितकेच वजनदार वाटते : नदी खाली आणि वस्ती वर. १६१५च्या सुमारास तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याकडे पाहिले. डोंगरात मुरलेले पावसाचे पाणी जमिनीखालून तापीकडे सरकते. ते वाटेतच गाठायचे. अशा एकूण आठ योजना झाल्या.

युक्ती उताराची आहे. भुयाराचा उतार भूजलाच्या उतारापेक्षा मंद ठेवायचा. मग वरच्या टोकाला भुयार पाण्याच्या पातळीखाली राहते, भिंतींतून पाझर आत येतो आणि खालच्या टोकाला, जाली करंजात, आपल्या पायांनी पोचतो. मोट नाही, रहाट नाही. ठरावीक अंतरावर शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी. खोदताना माती त्यांतूनच वर काढायची, पुढे हवा आणि उजेडही त्यांतूनच. तोंडाशी उंच कठडा, म्हणजे रस्त्याची घाण आत वाहणार नाही.

गंमत अशी की त्याच सुमारास मोगलांचा कट्टर वैरी मलिक अंबर खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, हीच विद्या वापरून नहर खोदवत होता.

एका कुंडीतून लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली जाता येते. वाटाड्या ‘खूनी भंडारा’ म्हणत रक्ताची कहाणी रंगवतो. पाण्याची लालसर झाक किंवा ‘कुंडी’चा अपभ्रंश, एवढेच त्या नावामागे असावे. ‘भाऊ, डोकं सांभाळा’ म्हणून तो पुढे निघाला, मी मात्र भिंतीशी रेंगाळलो. तिच्यावर चुन्याचे पांढरे पापुद्रे चढले आहेत. पाण्यातलाच क्षार साचत जातो आणि पाझराची छिद्रे बुजवतो.

हा आजार हळू चालणारा. वरचा दुखणाईत अधिक घाईचा : परिसरात केळीच्या बागा आहेत, केळीला पाणी अफाट लागते आणि कूपनलिका दरवर्षी खोल जातात. भूजल भुयाराच्या तळाखाली गेले की जगातला कोणताही उतार ते वर चढवू शकत नाही. २०२४मध्ये हे ठिकाण युनेस्कोच्या संभाव्य यादीत आले. त्या निमित्ताने कठडे दुरुस्त होतील, फलक लागतील. पाणलोटातल्या कूपनलिकांची मोजणी मात्र कठड्यापासून दूर, शेतांत जाऊन करावी लागेल. ती आधी व्हायला हवी.