मणक्याच्या ऑपरेशननंतर आराम करायचा की व्यायाम?

मार्च २०२३ मध्ये जसप्रीत बुमराहच्या पाठीवर न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी रिहॅब सुरू करा, असं तज्ज्ञांनी त्याला सांगितल्याचं बीसीसीआयने एप्रिलमध्ये जाहीर केलं. १८ ऑगस्टला तो आयर्लंडविरुद्ध मैदानात उतरला आणि पहिल्याच ओव्हरमध्ये त्याने दोन विकेट काढल्या.

त्या दोन विकेटचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. मधले चार महिने त्याने काय केलं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

बुमराहची दुखापत वेगळी होती आणि त्याच्या दिमतीला तज्ज्ञांची टीम होती. पण मणक्याचं ऑपरेशन करून घरी आलेल्या प्रत्येकाला तोच प्रश्न पडतो. घरचे म्हणतात, 'हलू नकोस, टाके तुटतील.' फोनवर रील येतं, 'हे पाच व्यायाम करा, कंबरदुखी गायब.' यातलं ऐकायचं कुणाचं?

आधी हे बघा: ऑपरेशन कुठलं झालंय?

आपल्या कमरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. या गादीचा भाग बाहेर सरकून नसेवर दाबला गेला, की कमरेपासून पायापर्यंत कळ जाते. यालाच सायटिका म्हणतात. बहुतेक वेळा त्रास कमरेच्या सगळ्यात खालच्या दोन गाद्यांमध्ये असतो. गादी सरकणं आणि पायातली कळ यांचा संबंध मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ मध्ये मांडला. तेव्हापासून या ऑपरेशनचा प्रसार झाला.

आज साधारण तीन प्रकारची ऑपरेशन्स जास्त होतात.

• डिस्केक्टॉमी: गादीचा सरकलेला तुकडा काढतात.
• लॅमिनेक्टॉमी: नसेला जागा मिळावी म्हणून मणक्याच्या मागच्या हाडाचा भाग काढतात.
• फ्युजन: दोन मणके स्क्रू आणि रॉडने जोडतात. पुढे तिथलं हाड एकमेकांत जुळायला कित्येक महिने लागतात.

डिस्केक्टॉमी झालेला माणूस काही आठवड्यांत जे करू शकतो, ते फ्युजन झालेल्याला तितक्या लवकर चालत नाही. त्यामुळे 'आमच्या काकांनी तर महिन्याभरात स्कूटर चालवली' हे ऐकून स्वतःचं वेळापत्रक ठरवू नये.

कळ थांबली, मग व्यायाम कशाला?

ऑपरेशन नसेवरचा दाब काढतं. कमकुवत झालेला स्नायू मात्र ते भरून देत नाही.

मणक्याला दोन्ही बाजूंनी चिकटून मल्टिफिडस नावाचे छोटे स्नायू असतात. प्रत्येक हालचालीत मणका स्थिर ठेवण्याचं काम ते करतात. दुखणं लांबलं की ते बारीक होत जातात. त्यात ऑपरेशनच्या वेळी ते बाजूला सारावे लागतात.

ऑस्ट्रेलियातल्या ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पहिल्यांदाच कंबरदुखी झालेल्या लोकांचा अभ्यास केला. दुखणं थांबलं तरी व्यायाम न करणाऱ्यांचा हा स्नायू आपोआप पूर्ववत झाला नाही. त्या लोकांचं ऑपरेशन झालेलं नव्हतं. तरीही दुखणं जाणं आणि ताकद परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसलं.

पण व्यायामाने गादी पुन्हा सरकली तर?

रुग्णांना सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. ती अगदीच बिनबुडाची नाही, कारण डिस्केक्टॉमीनंतर काही जणांची गादी खरंच पुन्हा सरकते. पण त्याचा दोष व्यायामाला देता येतो का?

कॉक्रेन ही संस्था जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासते. तिने २०१४ मध्ये गादीच्या ऑपरेशननंतरच्या पुनर्वसनावरचे २२ अभ्यास तपासले. त्यात २,५०३ रुग्ण होते. चार ते सहा आठवड्यांनी व्यायाम सुरू केलेल्यांचं दुखणं काहीच उपचार न घेणाऱ्यांपेक्षा लवकर कमी झालं आणि त्यांच्या हालचालींवरच्या मर्यादाही लवकर कमी झाल्या. व्यायामामुळे पुन्हा ऑपरेशनची वेळ जास्त येते, असं दिसलं नाही. मात्र यातले बरेच पुरावे फार भक्कम नाहीत, हेही अहवालात स्पष्ट म्हटलं आहे.

कोणत्या टप्प्यावर काय?

पुढचा क्रम साधारणपणे डिस्केक्टॉमीसाठी आहे. फ्युजनमध्ये प्रत्येक टप्पा पुढे जातो. शेवटचा शब्द सर्जनचा.

*पहिले दोन आठवडे:* मुख्य व्यायाम चालण्याचा. एकदाच लांब चालण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. झोपून पावलं वर-खाली हलवायची, म्हणजे पायातलं रक्त साकळत नाही. पलंगावरून थेट उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन उठायचं.

*दोन ते सहा आठवडे:* चालणं वाढवायचं. पाठीवर झोपून पोट हलकं आवळून धरायचं, श्वास चालू ठेवायचा. एकेक टाच सरकवत गुडघा वाकवायचा.

*सहा ते बारा आठवडे:* आता ताकदीचे व्यायाम. गुडघे वाकवून कंबर उचलायची. हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करायचा.

*तीन महिन्यांनंतर:* वजन उचलायला पुन्हा शिकायचं. वस्तू अंगाजवळ धरायची, गुडघ्यात आणि खुब्यात वाकायचं. वजन उचललेलं असताना कमरेतून वळायचं नाही.

घरातल्या कामांचं काय?

व्यायाम दिवसातून अर्धा तास, बाकी दिवस घरकाम. जमिनीवर बसून पोळ्या लाटणं, वाकून फरशी पुसणं, भरलेली बादली उचलणं, यात कंबर वाकते आणि तिच्यावर भारही येतो. सुरुवातीला ओटा, खुर्ची आणि उंच कमोड वापरावा. बादलीऐवजी तांब्या-तांब्याने पाणी घ्यावं. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीची घाई नको. 'आता बरी झालीस ना' म्हणून पंधराव्या दिवशी सगळी कामं अंगावर टाकली, तर व्यायामासाठी ताकदच उरत नाही. घरच्यांनी कामं वाटून घेणं हाही रिहॅबचाच भाग आहे.

रीलवर दिसणारं पाय सरळ ठेवून पुढे वाकणं, जोरात उठाबशा काढणं आणि सूर्यनमस्कार हे सुरुवातीच्या आठवड्यांत टाळावं. मालिशवाल्याकडून कंबर 'मोडून' घेणं तर नकोच.

दुखलं तर थांबायचं?

व्यायामानंतर कमरेत थोडं दुखून दुसऱ्या दिवसापर्यंत शांत झालं, तर सहसा घाबरण्याचं कारण नसतं. पण कळ कमरेतून पायात खाली उतरू लागली किंवा मुंग्या वाढल्या, तर तो व्यायाम थांबवून फिजिओथेरपिस्टला सांगावं.

पुढची लक्षणं दिसली तर वाट न बघता हॉस्पिटल गाठावं:

• लघवी अडणं, किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं
• जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा
• पाऊल उचलता न येणं
• ताप, किंवा जखमेतून पाणी-पू येणं
• पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं किंवा धाप लागणं

फिजिओथेरपीची दोन-चार सत्रं झाली, की खर्च आणि अंतर यामुळे अनेक जण ती सोडून देतात. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच सर्जनकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: माझं ऑपरेशन नेमकं कोणतं झालं, कोणती हालचाल किती आठवडे टाळायची आणि व्यायाम कधी वाढवायचा. रोज येणं जमत नसेल, तर फिजिओथेरपिस्टकडून घरी करायचे व्यायाम शिकून घ्यावेत आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्यावं. तो कागद हाताशी असला, की फोनवर आलेलं प्रत्येक रील करून बघण्याची गरज पडत नाही.