पत्ता तोच, पोस्टमन नवा!

मोबाइलची कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवता येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. ही सोय भारतभर २० जानेवारी २०११ पासून सुरू झाली. मग ई-मेलची कंपनी बदलली की पत्ता का बरे बदलावा लागतो? याचे उत्तर पत्त्याच्या रचनेतच आहे.

१९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील व्यक्तीला संदेश पाठविण्याची युक्ती काढली. व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव वेगळे ओळखू यावे म्हणून त्याने मध्ये @ हे चिन्ह घातले. आजही रचना तशीच आहे. समजा, सुमतीचा पत्ता ‘सुमती@अबक’ असा आहे. यातील ‘अबक’ म्हणजे डोमेन. ते कंपनीचे असते. सुमतीने कंपनी सोडली की पत्त्याचा हा भाग तेथेच राहतो!

आता पत्र कसे पोहोचते ते पाहू या. पाठविणाऱ्याचा सर्व्हर प्रथम डीएनएस नावाच्या नोंदवहीला विचारतो, “अबकचे टपाल कोण स्वीकारतो?” ही नोंदवही १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस याने आखली. ती एके ठिकाणी नसून जगभरच्या असंख्य संगणकांत विभागलेली आहे. तिच्यातील ‘एमएक्स’ ही नोंद टपाल घेणाऱ्या सर्व्हरचे नाव सांगते आणि पत्र तिकडे रवाना होते.

खरी गंमत येथेच आहे. सुमतीने ‘कखग’ हे स्वतःचे डोमेन घेतले, तर ती नोंद तिच्या हाती येते. सेवा आवडेनाशी झाली, की नोंदीत दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर लिहायचा. जुनी नोंद अनेक संगणकांच्या स्मृतीत काही काळ टिकते. म्हणून बदल सर्वत्र पोहोचण्यास काही तास लागतात. पण ‘सुमती@कखग’ हा पत्ता कायम! जुनी पत्रे मात्र आपोआप येत नाहीत; ती नव्या पेटीत उतरवून घ्यावी लागतात.

एवढा खटाटोप कशाला? ऑगस्ट २०१३ मध्ये याहूने चीनमधील ई-मेल सेवा बंद केली आणि तेथील ग्राहकांना नवे पत्ते घ्यावे लागले. शिवाय पत्ता केवळ पत्रांपुरता नसतो. परीक्षेचा अर्ज असो वा बँकेचे खाते, परवलीचा शब्द विसरला तर नवा ठरविण्याचा दुवा बहुधा त्याच पत्त्यावर येतो.

म्हणूनच एक सावधगिरी हवी. डोमेन कायमचे विकत मिळत नाही; ठरावीक वर्षांसाठी शुल्क भरून ते मिळते. नूतनीकरण राहून गेले, तर काही काळाने ते दुसरा कोणीही घेऊ शकतो. मग तुमची पत्रे त्याच्या पेटीत पडतील आणि तुमच्या खात्यांच्या किल्ल्याही! नूतनीकरणाची सूचना वेगळ्या डोमेनवरील पत्त्यावरही येईल, अशी व्यवस्था ठेवावी.

कंपनी निवडताना तीन प्रश्न विचारा. खर्च कोण भागवतो, ग्राहक की जाहिरातदार? स्वतःचे डोमेन जोडता येते का? आणि सारी पत्रे बाहेर नेता येतात का?

करून पाहा : संगणकावर ‘एनएसलुकअप’ नावाची आज्ञा असते. शिक्षकांच्या मदतीने तिला तुमच्या शाळेच्या डोमेनची एमएक्स नोंद विचारा. शाळेचे टपाल कोण सांभाळतो, हे लगेच कळेल.